ध्रुवीय प्रकाश, व्हाया अलिबाग

दादा-वहिनी गेल्या हिवाळ्यात नॉर्वेला जाऊन आले. ट्रोम्सोला. तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर हिरवं आकाश आहे. मावशीच्या डीपीला हिरवं आकाश, आत्याच्या 'शुभ सकाळ'च्या मागे हिरवं आकाश, आणि परवा तर डोंबिवलीतल्या आमच्या भाजीवाल्याने मला विचारलं, "ताई, ते फोटो तुमच्या भावानेच काढलेत ना?" (आईने त्यालाही दाखवले होते.)

इथवर ठीक होतं. पण आता दादाचं म्हणणं असं की बाबांना ऐंशी पूर्ण होतायत, तर सहस्रचंद्रदर्शनाचा हॉल, केटरिंग, गुरुजी यात पैसे घालण्यापेक्षा बाबांनाच ट्रोम्सोला नेऊ. "हजार चंद्र पाहिलेत त्यांनी, एक अरोरा पाहू दे." वाक्य चांगलं आहे. ग्रुपवर सगळ्यांनी त्याला बदाम पाठवले. मी पाठवला नाही. त्यामुळे गेले आठ दिवस मी घरातली खलनायिका आहे. ग्रुपवर अंगठे आणि रडकी तोंडं यांच्यात भांडता येत नाही, म्हणून हा प्रपंच इथे. नातेवाईक वाचतातच. बाकीच्यांनी आमच्या घरातलं भांडण म्हणून वाचावं, करमणूक होईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अरोराशी माझं काही वैर नाही. उलट मराठी माणसाला उत्तर ध्रुवाचं वेड तसं जुनंच. टिळकांनी १९०३ साली वेदांमधल्या त्या लांबलचक उषेवरून आर्यांचं मूळ घर थेट आर्क्टिकमध्ये नेऊन ठेवलं होतं. तेही तिथे न जाता. सिद्धान्त टिकला नाही ही गोष्ट वेगळी. पण टूर कंपनीचं माहितीपत्रक न वाचता ध्रुवावर मन जाऊ शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

तर, दादाचे फोटो. ते आले तेव्हा मी त्याला फोन करून विचारलं होतं, "खरंच इतकं हिरवं दिसतं?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "फोटोत जास्त दिसतं." मग हळूहळू बाहेर आलं ते असं. चारपैकी तीन रात्री ढग. चौथ्या रात्री मिनीबसने दोन-अडीच तास आत नेलं, उणे अठरा तापमानात बर्फावर उभं केलं आणि मग उत्तरेला ढगासारखा एक फिकट पट्टा दिसला. गाइड म्हणाला, हाच. फोन रोखला तर फोनमध्ये हिरवा! नंतर दहा मिनिटं तो जोरात आला, हलला, तेव्हा डोळ्यांनाही हिरवा दिसला आणि वहिनी रडली म्हणे. त्या दहा मिनिटांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बाकीचा वेळ राखाडी होता, हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

यात फसवणूक काही नाही. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. कॅमेरा तीन-चार सेकंद उघडा राहून उजेड साठवतो, डोळ्याला साठवता येत नाही. म्हणून फोटो खरा आणि डोळाही खराच.

आता बाबांचे डोळे. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याच्या पडद्याची वयोमानाने झीज सुरू आहे. दादाचा मुद्दा हाच आहे, "डोळे आहेत तोवर नेऊ या." मुद्दा मलाही लागला. पण डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय की या झिजेत अंधारातलं आणि अंधुक उजेडातलं दिसणं आधी कमी होतं. बाबा रात्री जिन्यात चाचपडतात, दुपारी पेपर वाचतात. म्हणजे आपण त्यांना साडेसहा-सात हजार किलोमीटर नेऊन नेमकं तेच दाखवणार जे त्यांना सगळ्यात कमी दिसणार, आणि शेवटी ते आपल्याच फोनच्या स्क्रीनवर अरोरा बघणार. तो ते डोंबिवलीत सोफ्यावर बसून चौऱ्याहत्तर वेळा बघून झालेत.

पण हे झालं वैद्यकीय कारण. माझी खरी तक्रार दुसरी आहे. ती अशी की हा प्रकाश म्हणजे 'तिकडची' गोष्ट आहे, तिकीट काढून बघायची, असं आपण धरून चाललोय. आणि ते मुंबई-ठाणे-कल्याणच्या माणसाने धरून चालावं हे तर फारच झालं. का ते सांगते.

साधारण काय घडतं ते आधी. (ज्यांना माहीत आहे त्यांनी चहा टाकावा.) सूर्यावर डाग येतात. तिथे चुंबकीय क्षेत्र पिळवटलेलं असतं. रबर पिळत गेलं की कधीतरी तडकतं, तसं ते तडकतं. एक तर झगझगीत उजेडाचा भडका उडतो, तो आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो. आणि कधीकधी अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा लोळ सुटतो, त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बाबांच्या भाषेत सांगायचं तर तार आधी येते, पार्सल मागून. पार्सलबरोबर त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्रही येतं. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि दार उघडतं. उत्तरेकडे असेल तर बराचसा माल परत. ही दिशा तो लोळ अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, म्हणून अरोराचे अंदाज आपल्या पावसाच्या अंदाजांसारखेच असतात. आपलं आदित्य-एल१ हे यान १५ लाख किलोमीटरवर बसून हीच दिशा, वेग वगैरे मोजतं. २ सप्टेंबर २०२३ ला ते सुटलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल. (त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली आहे, हेही जाता जाता.)

आत शिरलेली ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, चुंबकीय शेपटीत साठते आणि तिथून इलेक्ट्रॉन ध्रुवांकडे फेकले जातात. ते वरच्या हवेवर आपटले की हवा उजळते. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा दिसतो, दोनशेच्या वर लाल. तोच ऑक्सिजन, मग दोन रंग कसे? तर लाल उजेड सोडायला त्या अणूला जवळजवळ दोन मिनिटं निवांत मिळावी लागतात. खाली हवा दाट, तेवढ्यात कुणीतरी धडकतं आणि उजेड राहूनच जातो. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये कुणाचाही धक्का न लागता दोन मिनिटं उभं राहून दाखवा, म्हणजे लाल रंग फक्त उंचावर का हे कळेल. हिरव्याचं काम सेकंदाच्या आत उरकतं, तो गर्दीतही चढतो-उतरतो.

आणि म्हणूनच, दक्षिणेकडे कधी दिसलाच तर तो लाल दिसतो. सव्वाशे किलोमीटर उंचीवरचा हिरवा पट्टा पृथ्वीच्या गोलाईमुळे फार तर बाराशे किलोमीटरवरून दिसेल. पाचशे किलोमीटर उंचीचं लाल टोक मात्र चोवीसशे किलोमीटरवरूनही क्षितिजाला टेकलेलं दिसू शकतं. डोंबिवलीहून उत्तरेला चोवीसशे म्हणजे पार काश्गरच्याही पलीकडे. त्यात आपलं नशीब असं की पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे, त्यामुळे चुंबकीय हिशोबाने मुंबई विषुववृत्तापासून जेमतेम १० अंशांवर येते. म्हणजे अरोराच्या दृष्टीने आम्ही जवळजवळ गावकुसाबाहेरचे.

तरीही तो मुंबईत दिसला आहे.

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. पौष वद्य पक्ष, अमावस्या पाच दिवसांवर, म्हणजे चंद्र पार उत्तररात्री उगवणार. त्या रात्री युरोप, आफ्रिका, चीन, जपान सगळीकडे आकाश पेटलं होतं आणि मुंबईतही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी इथल्या वर्तमानपत्रात छापून आली. दोनच वर्षांपूर्वी टाकलेल्या मुंबई-एडन समुद्री तारेवरचं काम काही तास ठप्प झालं.

मुंबईत दिसला तर ठाणे-कल्याणला का नाही दिसणार? तशी नोंद माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे हे नुसतं मनातलं. पण तेव्हा ठाण्यापर्यंत आगगाडी येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि कल्याणला अठरा. रस्त्यावर दिवे नाहीत. दुर्गाडीच्या टेकडीवर उभं राहिलं तर खाली खाडी आणि पलीकडे भिवंडीच्या बाजूला मिट्ट काळोख. फेब्रुवारी म्हणजे वणव्याचे दिवस सुरू होत आलेले. उत्तरेला आकाश लालसर झालेलं बघून कुणीतरी नक्की म्हटलं असेल, "माहुलीकडे वणवा लागलाय वाटतं," आणि कूस बदलून झोपला असेल. आज त्याच दिशेला बघितलं तर रोजच केशरी असतं, सोडियमच्या आणि एलईडीच्या कृपेने. १८७२ चं वादळ पुन्हा आलं तरी आमच्या गच्चीवरून ते दिसेल की नाही, शंका आहे.

पण १८७२ ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट तेरा वर्षं आधीची आहे, आणि त्यात कुणाला काहीही दिसलं नाही. मला ती म्हणूनच आवडते.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे डाग कागदावर काढत बसला होता. त्याला डागांच्या गटात पांढरेशुभ्र दोन ठिपके लखलखताना दिसले. पाच मिनिटांत विझले. हा भडका पाहिलेला तो आणि त्याच देशातला हॉजसन, असे दोघेच. त्यानंतर साडेसतरा तासांत, म्हणजे नेहमीच्या मानाने मेल गाडीच्या वेगाने, पार्सल पृथ्वीवर आलं. तेव्हा युरोपात पहाट होती, अमेरिकेत रात्र. आणि मुंबईत? मुंबईत सकाळचे दहा वाजून गेले होते. २ सप्टेंबर, शुक्रवार. भाद्रपद, गणपतीचे दिवस. आकाशात दिसण्यासारखं काही असतं तरी दिवसाउजेडी दिसलं नसतं.

पण कुलाब्याला वेधशाळा होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ ला सुरू केलेली, आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. टांगलेला चुंबक, त्याच्यावर आरसा, आरशात मोजपट्टीचं प्रतिबिंब आणि ते वाचायला दुर्बीण. माणसाने तासातासाने डोळा लावायचा आणि वहीत आकडा लिहायचा. रोज. वर्षानुवर्षं. आणि गडबड दिसली तर तास सोडून मिनिटामिनिटांच्या अंतराने लिहायचं. त्या सकाळी जो कुणी पाळीवर होता त्याला आकडा सरकताना दिसला आणि तो लिहीत बसला. बाहेर पाऊस असेल, घरी गणपती असेल-नसेल. आकडा घसरत घसरत गेला तो सोळाशे नॅनोटेस्लांनी. इथलं एकूण आडवं क्षेत्र सदतीस-अडतीस हजारांचं धरलं तर चार टक्क्यांहून जास्त पृथ्वीचं चुंबकत्व त्याच्या डोळ्यांसमोर पुसलं गेलं. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं असेल तर सगळं जागच्या जागी होतं.

ती वही दीडशे वर्षं तशीच राहिली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि सोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तिचा अभ्यास करून लेख लिहिला, आणि जगाला कळलं की माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या सौर वादळाची विषुववृत्ताजवळची सर्वांत चांगली नोंद कुलाब्यात आहे. युरोपातल्या काही यंत्रांचे काटे पट्टीबाहेर गेले होते. आज पृथ्वीवर कुठेही 'कॅरिंग्टनसारखं वादळ आलं तर' अशी चर्चा होते, विम्यापासून वीज कंपन्यांपर्यंत, तेव्हा जो आकडा मांडतात तो कुलाब्याच्या वहीशी नातं सांगणारा असतो. १८७२ च्या वादळाचा हिशोबही अलीकडे कुलाब्याच्याच नोंदींवरून लावला गेला.

आणि आदित्य-एल१ सुटलं तेही २ सप्टेंबरलाच. योगायोग आहे, पण मला फार आवडतो. इस्रोने मुद्दाम केलं असतं तर एवढं आवडलं नसतं.

पुढची गोष्ट अजून छान. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचे प्रवाह जमिनीतून वाहिले की नाजूक चुंबक बिथरणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी काय करावं? ट्राम थांबवा म्हणून अर्ज केला नाही. चुंबकीय वेधशाळा उचलून अलिबागला नेली, १९०४ साली. लोखंड टाळून तांबं-पितळ वापरलेली, चुंबकत्व नसलेल्या दगडाची इमारत. आणि पटकन बदली नाही केली, १९०६ पर्यंत दोन वर्षं दोन्हीकडे मोजत राहिले, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जोडता यावेत. मुंबईच्या कुलाब्यातून निघून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. ती अजून चालू आहे. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून किंवा मांडव्याहून अलिबागला जाणारे हजारो लोक तिच्या जवळून जातात, किल्ला बघतात, भजी खातात, परत येतात. मीही पंधरा वेळा गेले असेन. एकदाही ठाऊक नव्हतं.

ठाण्याच्या शाळेत आम्हाला नॉर्वे 'मध्यरात्रीच्या सूर्याचा देश' म्हणून पाठ होता. अलिबागबद्दल पांढरे कांदे एवढंच पाठ होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना कुलाब्याचं कौतुक वाटलं, पण त्यांचा चेहरा खरा उजळला तो तारेच्या भागाला. नवीन वाचकांसाठी सांगते, बाबा तार खात्यातले. साठच्या दशकात मोर्स शिकून लागले, फाउंटनच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात कल्याणहून रोजची ये-जा. १४ जुलै २०१३ ला तार सेवा बंद झाली त्या दिवशी ते शेवटची तार करायला गेले होते, रांग बघून परत आले. "जन्मभर दुसऱ्यांच्या केल्या, एक आपली राहिली तर राहू दे," म्हणाले.

त्यांना मी सांगितलं की १८५९ च्या त्या वादळात अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातल्या विजेवर दोन-एक तास संदेश पाठवले. माझी समजूत होती, ते म्हणतील काहीतरी काय. ते म्हणाले, "का नाही? अर्थ रिटर्न असणार." आणि मग अर्धा तास मला शिकवलं. खांबावर तार एकच असायची, परतीचा रस्ता जमिनीतून. दोन्ही टोकं जमिनीत गाडलेली. आता वरचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की जमिनीतच वीज वाहायला लागते. किलोमीटरमागे दोन-पाच व्होल्ट काय ते, पण तार शेकडो किलोमीटर लांब असली की बेरीज केवढी होते! ती वीज जमिनीतून वर चढून तारेत शिरते. "आमच्याकडे लाइन खराब झाली की पावसाळ्यात इन्सुलेटर ओले झाले म्हणायचो, उन्हाळ्यात लाइनमनला शिव्या घालायचो," बाबा म्हणाले. "कुणास ठाऊक, एखाद्या वेळी बिचाऱ्याचा दोष नसेलही."

हाच हिशोब आज विजेच्या जाळ्याला लागतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सौर वादळाने जमिनीतली वीज ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून वर चढली आणि दीड मिनिटात साठ लाख लोक अंधारात गेले, नऊ तास. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, तेव्हा सूर्याचा काही संबंध नव्हता. पण अख्ख्या महानगराची वीज जाणं म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे आपल्याला धोका क्वेबेकपेक्षा बराच कमी आहे. कमी आहे म्हणजे आम्हाला काही घेणंदेणं नाही असं मात्र नाही. उपग्रह, जीपीएस, विमानं सगळ्यांचीच आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळजवळ ४० स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले.

याउलट आपल्या ग्रुपवर काय येतं? "आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, नासा आणि बीबीसीची बातमी." हा संदेश मला आठवतंय तेव्हापासून फिरतोय. मावशी, रागावू नकोस, पण तू तो तीन वेळा पाठवला आहेस आणि तिन्ही वेळा फोन उशाशी घेऊनच झोपली आहेस. :-) ते कण आपल्या डोक्यावरच्या हवेत अडतात. आणि जमिनीतल्या विजेला शेकडो किलोमीटरची तार लागते, सहा इंचाचा फोन नाही. दुसऱ्या बाजूला टूरवाल्यांच्या जाहिराती, "सूर्याचा कळस आला, आत्ताच या नाहीतर अकरा वर्षं थांबा!" हेही खरं नाही. सूर्यचक्राचा कळस २०२४ मध्ये होऊन गेला हे बरोबर, पण मोठी वादळं उतरणीवरही येतात, २००३ च्या ऑक्टोबरमधली आली तशी. आणि ट्रोम्सो तर अरोराच्या पट्ट्याखालीच आहे, तिथे सूर्य शांत असतानाही तो दिसतो. घाई करण्याचं कारण त्या कंपन्यांना आहे, सूर्याला नाही. एकीकडे भीती विकायची आणि दुसरीकडे तिकीट. मधलं जे समजून घेण्यासारखं, ते फुकट आहे म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता ज्या दिवसामुळे मी इतकी हट्टाला पेटले आहे तो दिवस. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. बाबांकडे आमरस होता म्हणून आम्ही ठाण्याहून सकाळीच डोंबिवलीला गेलो. सूर्यावर ३६६४ नंबरचा डागांचा गट आला होता, रुंदी पृथ्वीच्या पंधरा पट. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी दुर्बीण स्टँडला बांधली, एक भिंग झाकलं आणि मागे पांढरा पुठ्ठा धरला. (दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. कधीच नाही. पुठ्ठ्यावर पडलेलं बघायचं. लहान मुलं असतील तर दुर्बिणीजवळ मोठं माणूस उभं हवं.) पुठ्ठ्यावर दहा सेंटिमीटरचा पांढरा गोल आला आणि त्यात दीडएक सेंटिमीटर लांब काळे तीळ सांडल्यासारखे. बाबा पुठ्ठ्यावर वाकले. भर दहाचं ऊन, उजेड भरपूर. त्यांना दिसलं! डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग उजव्यावर. बोटाने दाखवून विचारलं, "हे का?" आणि मग, "यातल्या एकाच्या आत पृथ्वी?" पंधरा मिनिटं उभे होते. आईने खालून तीन हाका मारल्या, रस गार... म्हणजे गरम होतोय म्हणून.

त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास धक्का पृथ्वीवर येऊन आपटला. दोन दशकांतलं सगळ्यात मोठं वादळ. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजावर लाल पट्टा टिपला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून तो बघितला आणि शेजारच्या काकांना सांगितलं, "हे जिथून निघालं ना, ते काल आम्ही गच्चीवर पाहिलं." ग्रुपवर या दिवसाचा एकही फोटो नाही. पुठ्ठ्यावरच्या डागांचा फोटो फारच भिकार येतो.

दादा, म्हणून मी बदाम पाठवला नाही. तू म्हणशील, हे सगळं ठीक, पण आकाश डोक्यावर हलताना बघणं ते बघणंच. असेल. वहिनी उगाच रडणारी बाई नाही, ते मला माहीत आहे. आणि तुझ्या मनात अरोरापेक्षा बाबांच्या शेजारी उभं राहणं जास्त आहे, हेही मला कळतं. तू बारा वर्षं बाहेर आहेस. तसं असेल तर तसं सरळ म्हण, त्यासाठी उणे अठरा कशाला लागतं? पावसाळा संपला की ये. आपण तिघं अलिबागला जाऊ. मांडव्याची बोट नको, बाबांना चढता-उतरता त्रास होतो, गाडीने पनवेलवरून जाऊ, म्हणजे वाटेत भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालयही लागेल. बाहेरून तर बाहेरून.

हे लिहून झाल्यावर काल बाबांना वाचून दाखवलं. डोळ्यांबद्दलच्या परिच्छेदाला ते काही बोलले नाहीत. टिळकांच्या वाक्याला हसले. सगळं झाल्यावर म्हणाले, "पासपोर्ट कधी संपतो बघून ठेव." मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला जायचंय?" तर म्हणाले, "आधी अलिबाग." मग दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. दादा ऑफिसात होता, त्याला वाटलं काही झालं की काय.

"अरे, काही नाही," बाबा म्हणाले, "तिथे विजेच्या तारा खांबांवरून आहेत की जमिनीखालून?"

दादाने बघितलं नव्हतं. विचारून सांगतो म्हणाला.